पंचवीस डॉलरच्या पुढचा ओटिस ब्लॅकवेल

‘अमेरिकी रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीने ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराची गाणी पंचवीस डॉलरला ढापली आणि तो बिचारा अनामिकच राहिला.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात कळवळा आहे, पण त्या कळवळ्यातच माणूस हरवलाय.

आधी ते पंचवीस डॉलर. ब्रुकलिनचा ब्लॅकवेल शिंप्याच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करायचा. १९५५च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने न्यू यॉर्कच्या एका संगीत प्रकाशकाला सहा गाणी दिली, प्रत्येकी २५ डॉलर घेऊन. ती उचल होती. रॉयल्टीवरचा, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या वाट्यावरचा त्याचा हक्क त्यामुळे संपला नाही.

मग ‘ढापली’. अन्याय झालाच, पण तो नेमका कुठे ते पाहा. त्या सहांपैकी ‘डोन्ट बी क्रूएल’ एल्व्हिस गाणार असं ठरलं, तेव्हा त्याच्या बाजूच्या लोकांनी अट घातली: निम्मं श्रेय आणि निम्मी रॉयल्टी द्या. नवख्या माणसाने ती मानली. म्हणून १९५६च्या त्या तबकडीवर गीतकार म्हणून एल्व्हिसचंही नाव आहे. पुढे ‘ऑल शुक अप’वरही तेच. आपण गाणी लिहीत नाही, हे एल्व्हिसने स्वतः सांगितलं होतं. ही लूट कराराच्या कागदावर, सही घेऊन झाली. तिला नुसती चोरी म्हटलं की त्या धंद्याची रीत नजरेआड होते. १९६२च्या ‘रिटर्न टू सेंडर’वर मात्र ब्लॅकवेल आणि विनफिल्ड स्कॉट अशी दोनच नावं आहेत.

शब्द-चाल तर सोडाच, ब्लॅकवेल डेमोही (गायकाला ऐकवायचं नमुन्याचं ध्वनिमुद्रण) स्वतः गायचा. त्याच्या गाण्यांतली एल्व्हिसची फेक ब्लॅकवेलच्या डेमोंशी बरीच मिळतीजुळती आहे, असं सांगितलं जातं. दोघे आयुष्यात एकदाही भेटले नाहीत.

आणि ‘बिचारा अनामिक’? हे मला सर्वांत खटकतं. ‘फीव्हर’ त्याने एडी कूलीबरोबर लिहिलं. दुसऱ्या प्रकाशकाशी करार असल्यामुळे जॉन डेव्हनपोर्ट हे टोपणनाव घेतलं. १९५६मध्ये लिटल विली जॉनने ते गायलं, दोन वर्षांनी पेगी लीने. जेरी ली लुईसने गायलेलं ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ त्याने जॅक हॅमरबरोबर लिहिलं, ‘ब्रेथलेस’ एकट्याने. जिमी जोन्ससोबतचं ‘हँडी मॅन’ १९७७मध्ये जेम्स टेलरने पुन्हा गाजवलं. १९९१मध्ये, हयातीतच, गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. २००२मध्ये नॅशव्हिलमध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर शेकडो गाणी होती.