मेट्रोतला व्हायोलिनवाला आणि आपली ‘अरसिकता’

‘वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक पाऊण तास वाजवत होता, कुणी ओळखलंही नाही. सौंदर्यासाठी थांबायला आपल्याला वेळच नाही!’ हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

घटना खरी आहे. १२ जानेवारी २००७ला वॉशिंग्टन पोस्टने ती घडवून आणली. वादक जोशुआ बेल, हातात १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे नामांकित इटालियन घडणीचं व्हायोलिन.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘सहाही रचना जर्मन संगीतकार बाखच्या.’ नाही, ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टही होता. असो.

‘कुणीच ओळखलं नाही.’ एका बाईंनी ओळखलं. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी त्याला एका मोफत कार्यक्रमात ऐकलं होतं. त्या समोर उभ्या राहिल्या आणि २० डॉलर टाकून गेल्या. फॉरवर्डमध्ये बेलची कमाई ३२ डॉलर सांगितली आहे, त्यात ते धरलेलेच नाहीत.

आता मुख्य आरोप: लोक अरसिक. वेळ शुक्रवार सकाळी पावणेआठनंतरची, जाणारे बहुतेक सरकारी नोकरदार. ४३ मिनिटांत १,०९७ माणसं गेली, निदान मिनिटभर सात जण थांबले, २७ जणांनी पैसे टाकले. दादरच्या पुलावर सकाळी कुणी कितीही सुरेल गायलं तरी आपण लोकल सोडू का? तीच माणसं सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर तासन्‌तास मांडी घालून बसतात.

आणि जागा कुठली, तर सरकत्या जिन्याच्या वरच्या तोंडाशी. तिथे कुणी गाडीची वाट बघत नाही, सगळे बाहेर पडण्याच्या घाईत. सुरुवातीला वाजवलेली बाखची शाकोन ही एकट्या व्हायोलिनसाठीची रचना चौदा-एक मिनिटांची, जाणाऱ्याच्या कानावर पडणार त्यातले काही सेकंद. विलंबित ख्यालाची समही यायच्या आत दाद द्या म्हणण्यासारखंच हे. (पोरं मात्र थांबू बघत होती. आईबाप दंडाला धरून पुढे नेत होते. फॉरवर्डमधलं एवढं खरं.)

तिथे बूटपॉलिश करणाऱ्या एक बाई होत्या. गोंगाट करणाऱ्या वादकांमुळे गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही म्हणून त्या एरवी पोलिसांना फोन करायच्या. त्या दिवशी केला नाही, हा बरा वाजवतो म्हणून. मला ही दाद त्या ३२ डॉलरांहून मोठी वाटते.

२०१४मध्ये बेल त्याच शहरात, युनियन स्टेशनात, आधी जाहीर करून वाजवायला आला. तेव्हा खच्चून गर्दी झाली. आणि २००७च्या कमाईवर त्याने स्वतः गंमत केली होती: एवढ्यावर बरं भागेल, शिवाय एजंटला काही द्यावं लागणार नाही.