थेट महापौर, पण कशाचा?

एक मजकूर सध्या पणजीपासून म्हापशापर्यंत सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पणजीचा महापौर नगरसेवकांनी नव्हे, थेट लोकांनी निवडावा. म्हणजे एका माणसाला जाब विचारता येईल, रस्त्यांची दैना संपेल, मांडवीतले कॅसिनो जातील, नगरसेवकांची फोडाफोडी थांबेल. महाराष्ट्रात थेट महापौर आहे, लंडनमध्येही आहे, मग आमच्याकडे का नको? आणि शेवटी नेहमीप्रमाणे, खरे गोंयकार असाल तर पुढे पाठवा.

मागणीमागचा वैताग खरा आहे, तो कुणी नाकारणार नाही. पण या मजकुरातली विधानं एकेक करून हातात घेतली तर फारच थोडी शाबूत राहतात.

आधी ते महाराष्ट्राचं. महाराष्ट्रात थेट महापौर नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सगळीकडे महापौर नगरसेवकच निवडतात, अडीच वर्षांसाठी. थेट निवडला जातो तो नगरपरिषद आणि नगरपंचायतींचा नगराध्यक्ष, आणि तीही पद्धत एका जागी ठरलेली नाही. २००१ च्या निवडणुका थेट झाल्या, मग ती पद्धत गेली. २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. मुंबईत सरकार बदललं की नगराध्यक्ष निवडायची पद्धत बदलते. ज्याला जे सोयीचं, ते त्याने केलं. याला आदर्श म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता मुख्य दावा: थेट निवडला की एका माणसाला जाब विचारता येईल, रस्ते सुधारतील. पणजीच्या सांतिनेज भागातला एक खणलेला रस्ता घ्या. त्याखालून मलनिस्सारणाची वाहिनी जाते, ती राज्य सरकारच्या यंत्रणेची. पाण्याची वाहिनी राज्याची. वीज खातं राज्याचं. गेल्या काही वर्षांतलं बरंचसं खोदकाम स्मार्ट सिटीच्या नावाने झालं, आणि त्यासाठी २०१६ मध्ये ‘इमेजिन पणजी’ ही वेगळी कंपनी उभी राहिली. केंद्राच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीत राज्य सरकार आणि महापालिका यांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. पण पणजीत कुठला रस्ता कधी खणायचा आणि कधी बुजवायचा, हे महापालिकेच्या सभेत ठरताना कुणी पाहिलं? लोक नगरसेवकाला फोन करतात, नगरसेवक स्मार्ट सिटीकडे बोट दाखवतो, स्मार्ट सिटीवाले कंत्राटदाराकडे, कंत्राटदार साबांखाच्या, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या परवानगीकडे. या साखळीत महापौर थेट निवडून आणून बसवला तर बोट दाखवणारा आणखी एक माणूस वाढेल, एवढंच.

महापालिका म्हणजे नेमकं काय, हे सकाळी मार्केटच्या बाहेर पाहावं. ताळगावची वांगी, भेंडी, तांबडी भाजी पाटीत मांडून एक बाई बसलेली असते. सोपो, म्हणजे बाजारात बसायचं शुल्क, वसूल करणारा येतो, पावती फाडतो, पैसे घेतो, पुढे जातो. तिच्यापुरती महापालिका ती एवढीच. सोपो, घरपट्टी, व्यापार परवाने, पे पार्किंग, जाहिरातफलक, कचरा शुल्क. या उत्पन्नात पगार आणि कचरा भागवता भागवता नाकी नऊ येतात आणि मोठ्या कामासाठी सरकारी अनुदानाकडे डोळे लावावे लागतात. पणजी महापालिकेचा कायदा २००२ चा. त्यानुसार रोजचा कारभार आयुक्त पाहतात, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, फीत कापतो. मतं तीस नगरसेवकांची असोत की हजारो पणजीकरांची, आयुक्ताची बदली पर्वरीच्या राज्य सचिवालयातूनच होणार.

“थेट महापौर आला की कॅसिनो जातील.” हे तर सरळ दिशाभूल करणारं आहे. मांडवीतल्या जहाजांना परवाना मिळतो तो १९७६ च्या जुगारविषयक कायद्याखाली, आणि तो देतं राज्याचं गृहखातं. नदीतली जागा बंदर कप्तान खात्याच्या अखत्यारीत. महापालिकेच्या हातात फार तर काठावरच्या कार्यालयांचा व्यापार परवाना आणि जहाजांवरून येणारा कचरा. कॅसिनो हटवू म्हणणारे आमदार पणजीने कमी पाहिलेत का? ज्यांच्या हाती कायदा होता त्यांनी हटवले नाहीत, आणि ज्याच्या हाती कचऱ्याची गाडी आहे तो हटवेल, असं हा मजकूर म्हणतो.

फोडाफोडीचा मुद्दा मात्र खोटा नाही. राज्यात पणजी सोडून तेरा नगरपालिका आहेत, आणि अविश्वास ठराव हा त्यांतल्या अनेकांचा जणू वार्षिक उत्सव. मडगावचं उदाहरण पुरे. सप्टेंबर २०२२ मध्ये नगराध्यक्षपदासाठी गुप्त मतदान झालं आणि सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पडला. सरकारने काय केलं? अध्यादेश काढून गुप्त मतदानच रद्द केलं. हात वर करून मतदान आलं आणि खुर्ची फिरली. पणजीत तर २००२ च्या कायद्याने महापौराची मुदतच मुळात एक वर्षाची ठेवली होती. घराचा नकाशा मंजूर व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात महापौराची कारकीर्द आटोपायची.

पण थेट निवडणुकीने ही बाधा उतरत नाही, ती दुसऱ्या अंगात शिरते. राजस्थानात २००९ मध्ये जयपूरचा महापौर थेट निवडला गेला. निवडून आल्या काँग्रेसच्या ज्योती खंडेलवाल, सभागृहात बहुमत भाजपचं. पुढची पाच वर्षं समित्या, ठराव, निधी, प्रत्येक गोष्टीवर खेचाखेची. २०१४ मध्ये राज्य पुन्हा जुन्या पद्धतीवर आलं. शिमल्यात २०१२ मध्ये माकपचे महापौर आणि उपमहापौर थेट निवडून आले, आणि पंचवीस नगरसेवकांत त्यांच्या पक्षाचे होते तीन. पुढच्या निवडणुकीत तिथेही थेट पद्धत गुंडाळली गेली. अर्थसंकल्प सभागृहच मंजूर करणार असेल तर महापौराला नगरसेवक गोळा करावेच लागतात. फोडाफोडीचा बाजार निवडणुकीच्या दिवसापुरता न राहता पाच वर्षं चालू राहतो. महापौराची मुदत वाढवायला थेट निवडणूक कशाला हवी? विधानसभेत कायद्याचं एक कलम बदललं की झालं.

आणि लोकांनी निवडलेला महापौर नालायक निघाला तर? मजकूर यावर गप्प आहे. आज निदान नगरसेवक त्याला खाली खेचू शकतात, भले त्यांची कारणं शुद्ध नसोत. मध्य प्रदेशात थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला परत बोलावण्याची सोय कायद्यात केली गेली: तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की प्रश्न पुन्हा मतदारांकडे, आणि मतपत्रिकेवर एक भरलेली आणि एक रिकामी खुर्ची, भरलेली म्हणजे राहू द्या, रिकामी म्हणजे काढा. आपल्याकडची मागणी करणाऱ्यांनी असं काही सुचवल्याचं दिसत नाही.

लंडनबद्दल थोडक्यात. तिथला महापौर २००० पासून थेट निवडला जातो, पण शहराची वाहतूक त्याच्या हाती आहे. म्हणून २००३ मध्ये तो मध्यवर्ती भागात दिवसा येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावू शकला. त्याचा अर्थसंकल्प दोन तृतीयांश बहुमताने बदलायचा अधिकार तिथल्या सभागृहाला आहे. पणजीच्या महापौराकडे कदंब या सरकारी बससेवेची एक बसही नाही. आणि विलायतेतच ब्रिस्टल शहराने २०१२ मध्ये थेट महापौर मागितला, दहा वर्षांनी सार्वमत घेऊन नकोसा ठरवला.

एक गोष्ट मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. महापालिकेची हद्द पणजी विधानसभा मतदारसंघापेक्षा मोठी आहे. थेट निवडलेला महापौर पणजीच्या आमदारापेक्षा जास्त मतदारांचा प्रतिनिधी असेल. पॅनल उभं करून महापालिका खिशात ठेवायची सवय असलेल्या आमदारांना हे परवडणार नाही, म्हणून खऱ्या अधिकारांसह थेट महापौर सहजासहजी मिळणार नाही. बिनअधिकाराचा मात्र उद्याच मिळू शकेल, लोकांची मागणी मान्य केली म्हणून सत्कारही होतील.

तेव्हा मागायचंच असेल तर यादी वेगळी करावी लागेल. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. त्यातून झालेले रस्ते आणि बाकीची कामं यापुढे सांभाळायची कुणी, कुठल्या पैशांतून? शहरातले रस्ते आणि गटारं एकाच यंत्रणेकडे कधी येणार? आयुक्ताच्या कामाचा लेखाजोखा सभागृहापुढे मांडणं बंधनकारक होणार का? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय लिहून ठेवलेत, ती दुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. त्यांतले किती पर्वरीहून पणजीला आले, हे पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं, आणि उरलेले आणायला तो काय करणार हे त्याच्याकडून लेखी घ्यावं.