बेज रंगाचं बाळ

इन्स्टाग्रामवर कुठल्याही आईची रील आली की मी आधी बाळाकडे बघत नाही, फरशीकडे बघते. बाळं सगळ्यांचीच गोड असतात. सात महिन्यांचं मूल स्वतःच्या हाताने लाल भोपळा खातंय, भिंत बेज, खुर्ची बेज, अंगातली बंडी बेज आणि खाली फरशी लखलखीत असेल, तर चौकटीच्या बाहेर कोणीतरी ओलं फडकं घेऊन उभं आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे.

मुलाला हाताने खाऊ द्यायची पद्धत वाईट नाही, चांगलीच आहे. बाळ साधारण सहा महिन्यांचं झालं, मान धरली, थोड्या आधाराने ताठ बसू लागलं की गाजर, भोपळा, रताळं यांचे बोटाएवढे लांब तुकडे वाफवायचे. तुकडा अंगठा आणि तर्जनीत दाबला की चिरडला पाहिजे. नाही चिरडला तर अजून पाच मिनिटं वाफ. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, पॉपकॉर्न पाच वर्षांपर्यंत नकोत. पहिलं वर्षभर मीठ-साखर नको आणि मध तर आजीने कितीही आग्रह केला तरी नको, कारण त्यातून तान्ह्या मुलाला बोट्युलिझम होऊ शकतो. बाळाने ओकारी काढली, खोकलं, लाल झालं तर हात मागे ठेवायचा, ते स्वतःच घास पुढे ढकलतं. आवाजच बंद झाला तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही: हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब.

इथवर चांगल्या रीलमध्ये असतं. पुढचं नसतं.

पुढचं असं. सहा तुकड्यांपैकी एक पोटात, एक बंडीत, एक कानामागे आणि तीन जमिनीवर. वरण-भात असेल तर हिशेबच सोडा. सांडलेला भात लगेच पुसायला गेलं तर फडक्याखाली त्याचा लगदा होतो आणि तो दोन लाद्यांच्या सांध्यात जाऊन बसतो. तो तासभर वाळू द्यायचा, मग झाडूने मुकाट गोळा होतो. फक्त त्या तासाभरात मूल रांगत तिथे परत येतं आणि जी शितं ताटात नको होती ती जमिनीवरून वेचून खातं. बीटाचा डाग लगेच थंड पाण्यात बुडवायचा. हळदीचा डाग साबण लावला की आधी लाल होतो आणि आपली छाती धडधडते. तो जातो उन्हाने. धुऊन कडक उन्हात घातला की एक-दोन दिवसांत उडतो. यासाठी गॅलरी लागते, आणि गॅलरीत ऊन यावं लागतं. समोरच्या इमारतीतल्या टीव्हीवर कुठली मालिका चाललीय हे आपल्या खिडकीतून दिसत असेल, तर तुमच्या बाळाने बेज घालू नये. चॉकलेटी घालावा.

उंच खुर्चीच्या पट्ट्याला बकलाशी एक खाच असते. त्यात केळं शिरलं की दोन दिवसांत काळं पडून सिमेंट होतं, आणि ते जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही. एकूण जेवण वीस मिनिटं, आवराआवर चाळीस. दिवसातून तीनदा. आवराआवरीचे हे दोन तास कुठल्यातरी माणसाचे असतात, आणि ते माणूस रीलमध्ये नसतं. ‘मी एकटीच शूट करते, कॅमेरा ट्रायपॉडवर असतो,’ असं खाली लिहिलेलं असतं. ट्रायपॉड बाळाच्या मागे रांगत पलंगाखाली गेलेला मी तरी अजून पाहिला नाही.

हे ओळखणारी मी एकटी नाही. खाली कमेंटमध्ये सगळा महाराष्ट्र जमलेला असतो. ‘ताई, घरात किती बायका कामाला?’ ‘आमच्या आईने शेतात राबून चौघं वाढवली, तेव्हा कुठे होती ही थेरं?’ ‘पैसा असला की कोणीही करेल.’ शेवटची कमेंट तर मला पटतेसुद्धा. फक्त ती मंगळवारी सकाळी सव्वाअकराला लिहिलेली असते, आणि त्या वेळी लिहिणारीच्या घरची भांडी कोण घासत असतं, हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही. रीलवाल्या ताईंनी बाई ठेवली तर थाट. आपण ठेवली तर नाइलाज. आणि त्या मावशींचं स्वतःचं मूल दिवसभर मोठ्या बहिणीच्या कडेवर असलं, तर ‘या लोकांना मुलांचं काही नसतंच.’

जेवताना मोबाईल दाखवण्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशी साध्या आहेत: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. मोबाईल रीलवाल्या ताईंनी दाखवला तर तो ‘प्रामाणिकपणा’ असतो आणि त्याला साठ हजार बदाम मिळतात. आपण दाखवला तर ‘आज जरा ताप होता ना त्याला.’ मावशींनी दाखवला तर अडाणीपणा. मोबाईल तोच, कार्टूनही तेच. शिवाय ज्या मुलाने स्क्रीन बघायची नाही, त्याने दिवसभर स्क्रीनसाठी खेळायचं, हे त्या शिफारशींच्या कुठल्या कलमात बसतं कोण जाणे.

बाबा शेवटच्या तीन सेकंदांत येतो. बाळाला एकदा हवेत उडवतो. कमेंट: ‘किती नशीबवान आहेस गं.’ त्याला कामाला किती माणसं आहेत, हे त्याला कोणीही विचारलेलं नाही.

मग येतं माँटेसरीचं कपाट. बुटकं, लाकडी, त्यावर सहाच खेळणी, आणि त्या सहांच्या किमतीत एखाद्या घराचं महिन्याचं वाणसामान येईल. मारिया माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह १९०७ साली काढलं ते रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत धुडगूस घालणाऱ्या पोरांसाठी. आणि आपल्याकडे ताराबाई मोडकांनी तीच दृष्टी घेऊन १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख, शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी धरली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम रुजलं. आज तेच चिंचोके कापडी पिशवीत, वर सुतळीची गाठ मारून ऑनलाइन विकायला आहेत. मुलांना मातीत खेळवायच्या वर्गाला तर तासाचे पैसे पडतात, आणि माती निर्जंतुक केलेली आहे ना, अशी आधी चौकशी होते. फुकटच्या मातीत खेळणाऱ्या मुलाचा कोणी व्हिडिओ काढलाच, तर त्यावर दुःखी व्हायोलिन वाजतं.

जाहिरातींचा भाग मी थोडक्यात उरकते, कारण नियम स्पष्ट आहेत. जून २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं ठळक लिहावं लागतं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी दुधाची पावडर, बाटल्या, तयार शिशुआहार यांची तर जाहिरातच १९९२ च्या कायद्याने बंद. म्हणून डबा ओट्यावर सहज राहून गेलेला असतो. लेबल मात्र बरोब्बर कॅमेऱ्याकडे.

खरी गंमत बाबागाडीची. कंपनीने ‘भेट’ दिलेल्या वस्तू वर्षाला वीस हजारांच्या वर गेल्या की त्यावर १ जुलै २०२२ पासून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा कर, लागतो. साठ हजारांच्या बाबागाडीतून दहा टक्के कापायचे म्हणजे एक चाक काढून घ्यायचं का, असा प्रश्न पडेल. तर नाही, तेवढी रक्कम रोख भरावी लागते. वस्तू वापरून परत केली तर कर नाही, हेही आयकर खात्याने परिपत्रकात सांगून ठेवलंय. तेव्हा एखादी बाबागाडी एकाच रीलमध्ये दिसून गायब झाली तर घरात चोरी झाली असं समजू नका. याच देशात पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी.

आणि ती बाबागाडी चालते कुठे? पुढची चाकं तळहाताएवढी आणि गरगर फिरणारी. निखळलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खाचेत ती आडवी होऊन अडकतात, आणि मूल पट्ट्यात पुढे लोंबतं. पदपथ फार तर पंधरा सेंटिमीटर उंच असावा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. आपल्याकडे तो कुठे गुडघ्याला लागतो, तर कुठे रस्त्यातच बुडालेला असतो. चढवायची तर गाडी उलटी फिरवून मोठी चाकं आधी वर घ्यायची आणि मग ओढायची. त्यासाठी मागे मोकळी जागा हवी, तिथे स्कूटर लावलेली असते. नऊ-दहा किलोची गाडी आणि तेवढंच मूल, दोन्ही उचलून तीन पायऱ्या चढल्यावर सोसायटीचे वॉचमनकाका धावत येतात, तेही चौकटीबाहेरूनच. म्हणून बाबागाडीची रील बहुधा मॉलमध्ये घेतलेली असते, आणि खाली कोणीतरी विचारलेलं असतं, ‘ताई, आमच्या गल्लीत चालेल का हो ही?’

उत्तर येत नाही. लिंक येते.