‘एवढं तर कुणालाही माहीत असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘विचारायचं राहून गेलं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं की त्या लेखात मी ज्यांची उत्तरं दिली ते वाचकांनी पाठवलेले प्रश्न शाळकरी आहेत आणि गुगलवर दोन सेकंदांत त्यांची उत्तरं मिळतात. सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदावरीत ड्रेनेजचं पाणी जातंय, द्वारका चौकात गाड्या अडकून पडतात, आणि मी क्युसेक म्हणजे काय ते समजावत बसले आहे, तेही चुकीचं. शेवटी लिहिलंत, ‘आता पुढच्या वेळी कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं तेही लिहा.’

आधी चुकीबद्दल. ती माझीच. क्युसेक म्हणजे एक घनफूट पाणी, असं मी लिहिलं होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ‘सेकंदाला’ हा शब्द माझ्याकडून गळला आणि अर्थच बदलला, कारण मग तो साठा ठरतो, वाहण्याचा दर राहत नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे खटकणारच. लेखात दुरुस्ती केली आहे आणि एका वाचकाने चूक दाखवली हेही तिथे लिहिलं आहे.

पण सर, तो लेख अकरा दिवस तसाच होता. वाचणाऱ्यांत वकील होते, वार्ताहर होते, माझ्यासारखे शिक्षक होते. पावसाळ्यात ही सगळी मंडळी रोज सकाळी ‘गंगापूरमधून (म्हणजे नाशिकच्या वरच्या गंगापूर धरणातून) इतके क्युसेक विसर्ग’ असं वाचतात, एकमेकांना पाठवतात, पुलावर जाऊन पाणी बघून येतात. त्यांतल्या एकालाही चूक दिसली नाही. ती तुम्हाला दिसली, कारण नोकरीत कधीतरी कुणीतरी तुम्हाला क्युसेक समजावून सांगितला होता. आम्हाला कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

आमच्या आजीला असा प्रश्न पडत नव्हता. तिच्याकडे दुतोंड्या मारुती होता, गोदेच्या पात्रातली ती उंच मूर्ती. गंगेला पाणी आलं की गोदाघाटावरून येणाऱ्याला ती एकच विचारायची, ‘मारुतीच्या कुठवर?’ गुडघ्याला म्हटलं की ती भाजी निवडत बसायची. कमरेला म्हटलं की घाटाजवळ राहणाऱ्या तिच्या बहिणीकडे माणूस धाडायची. छातीच्या वर गेलं की बोलणं १९६९च्या पुरावर जायचं. (बाहेरच्या वाचकांसाठी : आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) ते माप गावाने स्वतः तयार केलं होतं आणि घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मग बातम्यांत क्युसेक आला, दलघफू (दशलक्ष घनफूट) आला, टीएमसी आला. नवं माप द्यायला माझी हरकत नाही, ते अचूकच आहे. मात्र जुन्या मापावरून नव्यावर यायला पायरी कुणी बांधली नाही. मारुतीच्या कमरेला म्हणजे किती क्युसेक, हे आजीला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची तिला लाज वाटली.

म्हणून तो हिशेब पुन्हा मांडते, या वेळी तुमच्या नजरेखालून जाईल अशा बेताने. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, न्हाणीतल्या जेमतेम दोन बादल्या. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे जवळपास तीन टँकर, दर सेकंदाला, शहरातल्या होळकर पुलाखालून. पाच हजार क्युसेक म्हटलं की चौदा टँकर. हे वाचून एका गृहिणीने मला लिहिलं की आता बातमी वाचताना पाणी दिसतं.

तिनेच पुढचा प्रश्न विचारला. गंगापूरमधून सोडलेल्या आकड्यापेक्षा होळकर पुलाखालचा आकडा कधीकधी मोठा का असतो? मधे कुठे धरण तर नाही. उत्तर साधं आहे : धरणापासून पुलापर्यंतच्या पट्ट्यात पडणारा पाऊस आणि नदीला मिळणारे ओढे-नाले. पण ते कळल्यावर माणूस पुढचा विचार करतो. धरणाची दारं बंद असतानाही घाटावर पाणी चढू शकतं, मग गाडी तिथे लावायची की नाही? गाडी वाहून गेल्याचे व्हिडिओ आपण दरवर्षी बघतो.

तुम्ही ‘नाशिकचे मोठे प्रश्न’ म्हणालात. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २००५च्या कायद्यातलं समन्यायी वाटप, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली आहे का (असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं), हे तुम्हाला माझ्याहून कितीतरी नीट माहीत असणार. या सगळ्या चर्चेची भाषा टीएमसीची. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच एक हजार दलघफू. लिटरमध्ये सांगायचं तर २,८३० कोटींच्या आसपास. एक हजार क्युसेकने अखंड साडेअकरा दिवस पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. आपलं गंगापूर धरण ५,६३० दलघफूचं, म्हणजे साडेपाच टीएमसीहून थोडं मोठं. जायकवाडी शंभर टीएमसीच्या वर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘आमचं धरण रिकामं करून त्यांचं भरणार’ या वाक्यात कितपत अर्थ आहे आणि कितपत नाही, ते ज्याचं त्याला ताडता येतं. ते न कळता मोर्च्यात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मीही एकदा गेले होते.

आणि ड्रेनेज? मलजल केंद्राची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची, क्षमता बातमीत एमएलडीत येते. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. एक क्युसेक म्हणजे साधारण अडीच एमएलडी. ही दोन मापं जोडता आली तरच नदीत मुळात पाणी किती आणि त्यात सांडपाणी किती, हा प्रश्न तोंडून निघतो. ज्याला मापच कळत नाही तो ‘नदी घाण झाली हो’ एवढंच म्हणतो, आणि ते ऐकून घेणं अधिकाऱ्यांना फार सोपं असतं.

आता गुगल. दोन वर्षांपूर्वी आईची कंबर धरली. एका दवाखान्यात दाखवलं, चिठ्ठी मिळाली. दोन गोळ्यांपुढे १-०-१ लिहिलं होतं, ते तिला ठाऊक होतं, सकाळ-दुपार-रात्र. तिसऱ्या गोळीपुढे एसओएस. ती वेदनाशामक होती. आईने शेजारच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘काकू, एसओएस म्हणजे इमर्जन्सी.’ मुलगा खोटं बोलला नाही, फोनवरच्या बटणालाही तेच नाव असतं. आईने अर्थ लावला की ही सगळ्यात महत्त्वाची गोळी, चुकवायची नाही. तीन आठवडे दिवसातून तीनदा घेतली. आधी पोटात जळजळ, मग शौचाला काळं. रक्तस्राव होईपर्यंत जठराला जखम झाली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘ही रोज घ्यायला कुणी सांगितली?’ चिठ्ठीवरचं एसओएस लॅटिनमधलं, ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडली तर. दुखलं तर घ्या, नाहीतर नको.

घरी आल्यावर मी एसओएस शोधून पाहिलं. वरच्या सगळ्या उत्तरांत बुडणारी जहाजं होती आणि मोर्सचे ठिपके. गुगल उत्तर देतं, पण कुणाच्या हातात कसली चिठ्ठी आहे ते त्याला दिसत नाही. दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला दिसत होतं. आईला मी विचारलं, तिथेच का नाही विचारलंस? म्हणाली, ‘विचारणार होते गं. बाहेर एवढी माणसं बसली होती. त्यांना वाटलं असतं, हिला एवढंही कळत नाही.’

हे वाक्य मला सोडत नाही, सर. मी हे प्रश्न गोळा करायला लागले ते त्या आठवड्यात.

आणि ‘एवढंही कळत नाही?’ असं म्हणणाऱ्यांत मीही होते. सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, नोटेवर वचन कसलं देतात?’ मी म्हटलं, हे परीक्षेला नाही, पुढे वाच. नाशिकरोडची शाळा, निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी प्रेसमध्ये; १९२८ पासून जिथे नोटा छापतात त्या गावातल्या मुलीने हे विचारावं आणि मी तिला गप्प बसवावं! माझे वडीलही प्रेसमध्येच होते. संध्याकाळी त्यांना विचारलं, तर त्यांनी देवघरातल्या डबीतून एक जुनी एक रुपयाची नोट काढून माझ्या हातात दिली. ‘हिच्यावर वचन शोध.’ नव्हतंच. गव्हर्नरची सहीही नव्हती, वित्त सचिवांची होती. बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, बँकेच्या खात्यात त्या देणं म्हणून धरल्या जातात, म्हणून गव्हर्नर धारकाला तेवढे रुपये अदा करायचं वचन देतात. एक रुपयाची नोट मात्र सरकारची स्वतःची, कायद्याच्या लेखी ती नाण्यासारखीच. म्हणून तिच्यावर वचन नाही. दुसऱ्या दिवशी मी ती नोट वर्गात नेली. त्या मुलीने पुन्हा काही विचारायला मात्र दिवाळी उजाडली.

सिंहस्थाबद्दलही लोक विचारतात. बारा वर्षंच का? गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, तो सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. बाराला दीड-पावणेदोन महिने कमी पडतात, ते साठत जातात आणि कधीतरी एक वर्ष आधीच पर्व येतं. हरिद्वारला तसं झालं, २०१० नंतर २०२१ मध्येच कुंभ भरला. एका आजोबांनी हे वाचून फोन केला आणि म्हणाले, साठ वर्षं रामकुंडावर येतोय, पुजाऱ्याला विचारायचं धाडस झालं नाही.

राहता राहिला कांदा. तुम्ही तो विषय मला चिडवायला दिला असेल, पण मी मनापासून घेतला. आपल्या जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजारातून देशभर कांदा जातो, आणि तो चिरताना रडणाऱ्या बायकांना त्याचं कारण कुणी सांगू नये हे मला बरं वाटत नाही. कांद्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात : एक गंधकयुक्त पदार्थ आणि एक विकर (एन्झाइम). सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून पुढे डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. तो डोळ्यांतल्या ओलाव्याला लागला की डोळा स्वतःला धुऊन काढायला पाणी सोडतो. धारदार सुरीने पेशी कमी चिरडतात, फ्रीजमधल्या थंड कांद्यात विकराचं काम मंदावतं, म्हणून त्रास कमी होतो.

इथवर कुणीही सांगेल. पण हे पाहा. शास्त्रज्ञ बरीच वर्षं धरून चालले होते की त्या एका विकराचं काम झालं की पुढचा वायू आपोआप बनतो. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की तसं नाही, दुसरं एक विकर आहे, वायू बनवणं हे त्याचं स्वतंत्र काम, आणि तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आलं. २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते पारितोषिक. कांदा माणूस हजारो वर्षं चिरतोय आणि उत्तर २००२ चं आहे. तुमची मुलगी किंवा सून तेव्हा स्वयंपाकघरात कांदा चिरत असेल. माझं तर लग्नही झालं नव्हतं.

मी तुमच्या सांगण्यावरून हे लेखन थांबवणार नाही, पण तुमच्यावाचून ते अपुरं राहील असं मला खरंच वाटतं. माझ्या वहीत पाण्याबद्दलचे तेवीस प्रश्न आहेत आणि बहुतेक सगळे बायकांनी पाठवले आहेत. पुढचा लेख प्रसिद्ध करण्याआधी तुम्हाला पाठवला तर बघून द्याल का? आणि एक माझाच प्रश्न, तुमच्या प्रतिक्रियेपासून मनात आहे. नोकरीला लागलात तेव्हा, नदीकाठी उभं राहून नुसत्या नजरेने ‘हे इतके क्युसेक’ असं ओळखायला तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं?