फाळके रोडवर बसून नाशिकचा वाद

काल रात्री दादर पूर्वेला, फाळके रोडच्या कोपऱ्यावरचा आमचा कट्टा साडेदहा वाजून गेले तरी हलला नाही. सुरुवात नीलूने केली. कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यात २०११ मध्ये वाइन आणि सिनेमाचा एकत्र महोत्सव सुरू झाला, त्याबद्दल ती सांगत होती. मग म्हणाली, "नाशिकला तर दोन्ही घरचं आहे. तिथल्या सुला वाइनरीचा सुलाफेस्ट २००८ मध्ये सुरू झाला, पण तो गाण्यांचा. सिनेमाचा का नको?"

"नको," भाऊ म्हणाले. "हातात ग्लास आला की पडद्याकडे कोण बघतो? आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव त्या मंडपावर लावणार तुम्ही! त्या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं. याच दादरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' उभा केला. त्यांच्या बायको सरस्वतीबाई दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या. हातयंत्रावर, एकेक भोक. ते कष्ट काय घोटाघोटाने बघायचे?"

सगळे गप्प झाले. भाऊंचं हे म्हणणं मला आजही पटतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला आणि १९४४ साली नाशिकलाच वारलेला हा माणूस आहे. तो नुसता फलकावर छापायचा नाही.

पण पक्या उसळला. त्याच्या मामाची नाशिकजवळ दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. "भाऊ, कष्ट काय फक्त सिनेमात असतात? वाइनचं द्राक्ष खाल्लंय कधी? एवढासा मणी, साल जाड, आत बिया. बाजारात कोणी फुकट घेणार नाही. काढणीच्या दिवसांत मामा रोज सकाळी मणी चिरडून थेंब साखर मोजायच्या दुर्बिणीच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून साखर बघतो. आज तोडायचं की अजून थांबायचं, त्या थेंबावर ठरतं. तेवढ्यात अवकाळी आला की संपलं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, केवढा गदारोळ उठला! दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. त्याला कोणी विचारलं?"

"पण हे खाण्याच्या द्राक्षापेक्षा परवडतं का?" नीलूने विचारलं.

"खाण्याच्या मालाला बाजार चढला तर चांदी, पडला तर फवारणीचाही खर्च निघत नाही. वाइनरीशी करार असला की भाव आधी ठरतो. मामा रात्री झोपतो तरी."

भाऊंचा आवाज जरा खाली आला, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. दारूने उठलेली घरं त्यांनी गिरणगावात डोळ्यांनी पाहिली आहेत. वाइन वेगळी, दारू वेगळी, हे त्यांना कोणी सांगू नये. आम्हीही सांगितलं नाही.

मग मी बोललो. महोत्सव व्हावा आणि नाशिकलाच व्हावा, असं मला मनापासून वाटतं. पण सिनेमा चालू असताना ग्लास नको. आधी सिनेमा, मग त्यावर बोलणं, मग ज्याला हवी त्याने बागेत बसून वाइन घ्यावी. आणि पहिल्या संध्याकाळी पडद्यावर आधी द्राक्षाची वेलच दिसावी. कारण लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी आधी कोणाला उभं केलं? राजाला नाही. कुंडीतल्या वाटाण्याला. रोज थोडं थोडं टिपत त्यांनी 'अंकुराची वाढ' दाखवली, त्यावर भांडवल उभं राहिलं आणि मग हरिश्चंद्र आला. आपल्या सिनेमाच्या मुळाशी एक रोपटं आहे! मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळ धरायच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत एकाच वेलीसमोर रोज कॅमेरा का लावू नये? उघडी काडी, डोळा फुटणं, फुलोरा, मणी, रंग चढणं आणि शेवटी तोडणाऱ्या बाईचा हात.

भाऊ बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तोडणाऱ्या बाईंना त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसवणार असाल तर मी येईन. पिणार नाही."

पक्याने तिथूनच मामाला फोन लावला. मामा झोपला होता. मामीने उचलला आणि पहिलाच प्रश्न केला, "कॅमेरा पावसात भिजला तर भरून कोण देणार?"