केंद्राची शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही

रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत, इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतोय: केंद्राची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती एकदा मिळाली की पदवी होईपर्यंत आपोआप खात्यात येत राहते. हे खरं नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, कॉलेजकडून तो तपासूनही घ्यावा लागतो. शिवाय आदल्या वर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी हवी. घर चालवायला दुकानात राबणाऱ्या मुलांची हजेरी इथेच कमी पडते. ज्यांना या पैशांची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच मदत तुटते, हे मनाला फार लागतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत हवं, असंही निरोपात म्हटलंय; ते मात्र बरोबर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गेलेल्यांनी पोर्टलवर मुदत आजच बघून घ्यावी.