गुरूने खोट शिकवली आणि गेमने ती लपवली

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी 'जेड एम्पायर' या जुन्या व्हिडिओ गेमचा छोटासा व्हिडिओ टाकला. एक माणूस उडी मारून शत्रूच्या पाठीमागे जातो, लाथ घालतो, परत उडी, परत लाथ. वर लिहिलंय, 'याला तुम्ही लोक क्लासिक म्हणता?' आणि खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

डोकं फिरलं. तेव्हापासून कामात लक्ष नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होते. एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या गेमची लायकी ठरवायची, हा आता धंदाच झालाय. लढाई दिसते, म्हणून लढाईवरच बोलायचं. गेम ऐकायचा कोणी, त्यातल्या माणसांशी बोलायचं कोणी?

(पुढे कथेचा शेवट फोडणार आहे. २००५ चा गेम आहे, आता तक्रार करू नका.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बायोवेअर या कॅनडातल्या गेम कंपनीने हा आधी एक्सबॉक्सवर (टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) आणला आणि २००७ मध्ये पीसीवर. चीनच्या पुराणकथांसारखं एक काल्पनिक साम्राज्य. तुम्ही टू रिव्हर्स नावाच्या गावातल्या मार्शल आर्ट्सच्या शाळेतले अनाथ विद्यार्थी, मास्टर लींचे सगळ्यात लाडके. गाव जाळलं जातं, गुरूंना पळवून नेलं जातं आणि तुम्ही त्यांना सोडवायला निघता. सम्राटाने दुष्काळ हटवण्यासाठी जलदेवतेलाच बंदी केलंय, तिची शक्ती ओरबाडलीय. पाऊस आला, पण मेलेल्यांना पुढची वाट दाखवणारी ती एकटीच होती, त्यामुळे आत्मे इथेच भटकतायत. अशी कल्पना ज्यांना सुचली त्यांना 'बटणं बडवणारे' म्हणायचं?

आमच्या घरी कॉम्प्युटर एकच होता आणि त्यावर पहिला हक्क दादाचा. मी शेजारी बसून बघायचे. दादा इतका सज्जन खेळायचा की कंटाळा यायचा. मास्टर लींनी सांगितलं ते सगळं ऐकणार, रस्त्यात भेटेल त्याचं काम करणार, बक्षीस दिलं तरी घेणार नाही. राजधानीत पोचला, सम्राटाला हरवला, गुरू सुटले. आणि गुरूंनी समोर येऊन एकाच फटक्यात त्याला ठार केलं.

ते सम्राटाचे भाऊ. दादाच्या नायकाला तान्हेपणी उचलून आणलं होतं ते याच दिवसासाठी, आणि वीस वर्षं शिकवताना त्याच्या लढण्याच्या पद्धतीत एक खोट मुद्दाम ठेवली होती, जी फक्त त्यांनाच ठाऊक. दादाने माउसवरून हात काढला आणि म्हणाला, 'मी तर त्यांचं सगळं ऐकलं होतं.' कुणाला म्हणाला देव जाणे, मला तर नक्कीच नाही.

हे मला दुसऱ्या कुठल्याही माध्यमात सापडलेलं नाही. पुस्तकात गुरूने शिष्याला फसवलं तर आपण हळहळतो. इथे शिष्य तुम्ही असता. ते हातवारे तुमच्या बोटांत बसलेले असतात आणि तेच विषारी निघतात. पुढे वाट भुताखेतांच्या जगातून सुरू राहते, मेलेला नायक मेल्यावरही चालतो, आणि तो भाग तर या गेममधला सगळ्यात सुंदर.

आता लढाईबद्दल. हो, सोपी आहे. कागदावर रचना छान आहे. झटपट मार, जोरदार मार आणि बचाव, तिघांचं एकमेकांवर कुरघोडीचं नातं. जोरदार मार बचाव फोडतो, झटपट मार त्या जोरदार माराला मधेच तोडतो, बचावापुढे झटपट मार थकतो. शिवाय कितीतरी शैली: काही नुसत्या हातापायांच्या, काही 'ची' (अंगातली जीवनशक्ती) खर्च करून आग-बर्फ फेकणाऱ्या, काही समोरच्याला थिजवणाऱ्या, काहींत तुम्ही स्वतःच राक्षस किंवा दगडी पुतळा होता. शस्त्र चालवलं की फोकस (एकाग्रतेचा मोजका साठा) संपतो, आणि तोच फोकस वापरून वेळ संथही करता येतो. आधी थिजवण्याच्या शैलीने एक मार, मग योग्य शैलीचा जोरदार मार, की शत्रूच्या चिंधड्या.

प्रत्यक्षात? उडी मारून मागे जा, मार, परत उडी. काही शत्रूंवर काही शैली चालतच नाहीत, म्हणून अधूनमधून बदलावं लागतं, एवढंच. तो तुकडा टाकणाऱ्याने खोटं काही दाखवलेलं नाही, एवढं मान्य. पण बस, तेवढंच.

आणि इथे माझा राग त्या पोस्टवाल्यावरून उठून थेट बायोवेअरवर जातो.

दादाने त्या दिवशी काय केलं ठाऊक आहे? जुने सेव्ह, म्हणजे खेळ मधेमधे साठवून ठेवला होता त्या जागा, उघडले. एकेक करून. वाटेत भेटलेल्या लोकांशी पुन्हा बोलला. आणि खरंच, अधूनमधून कुणीतरी म्हणून गेलेलं असतं की तुझ्या पवित्र्यात काहीतरी विचित्र आहे, फट दिसते पण सापळाही वाटतो. पहिल्यांदा ऐकताना आम्हाला ते कौतुक वाटलं होतं! लेखकांनी किती बारकाईने पेरलंय. मग दादाने ठरवलं की आता फट बुजवायची. शैली बदलून बघितल्या, सम्राटाशी वेगळ्या तऱ्हेने लढला, सतत बचाव धरून लढला. उपयोग शून्य. कारण खोट लढाईत कुठे नाहीच! ती फक्त पुढच्या दृश्यात आहे, जे आपोआप चालतं. तुम्ही कसेही लढा, लींचा फटका बसणार तो बसणारच.

विचार करा. ज्या गेमची अख्खी कथा 'तुझ्या लढण्यात फट आहे' या एका वाक्यावर उभी आहे, त्याच गेममध्ये लढताना ती फट एकदाही जाणवत नाही. एखादा शत्रू कुठेतरी त्याच जागी मारून गेला असता, एखादा पवित्रा कारण नसताना फसला असता, आपण वैतागून म्हटलं असतं की गेमच बिघडलाय, आणि वीस तासांनंतर कळलं असतं का ते! पण नाही. लढाई इतकी मऊ ठेवली की खोट असलेला शिष्य सगळ्या साम्राज्याला लोळवत जातो. या गेमची ताकद आणि त्याचा दुबळेपणा एकाच जागी आहेत हो. लेखकांनी जे धाडस केलं ते लढाई बनवणाऱ्यांनी केलं नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

तेच गेममध्ये वागण्याचे जे दोन मार्ग निवडता येतात त्यांचं. ओपन पाम म्हणजे सगळ्यांशी सुसंवाद, दुबळ्याला हात देणं. क्लोज्ड फिस्ट म्हणजे क्रूरपणा नव्हे, असं गेम स्वतः सांगतो. झगड्यातून माणूस घडतो, त्याला आयतं देऊ नका, त्याचं त्याला लढू द्या. किती पेचात टाकणारा विचार! मी माझ्या पाळीत मुद्दाम तोच मार्ग घेतला, दादाच्या सज्जनपणाचा कंटाळा आला होता म्हणून. आणि मिळालं काय? धमकी दे, पैसे उकळ, मार. टीन्स लँडिंग नावाच्या गावी धरणाचे दरवाजे बंद करून नदी गावाला परत द्यायची, की यंत्रणाच मोडून टाकायची, अशी निवड येते. इथे खरा वाद घालता आला असता. पण मोडायला सांगणाऱ्याचा हिशेब पैशाचाच. दुसऱ्या मार्गाला तत्त्वज्ञान म्हणून उभं केलं आणि काम गुंडाचं दिलं. काही मोजक्या ठिकाणी तो विचार खरोखर दिसतो, नाही असं नाही. त्या मोजक्या जागांमुळेच बाकीच्यांचा जास्त राग येतो.

लहानसहान चुका बोलायच्या तर मधेच येणारा तो विमान उडवून गोळ्या झाडायचा प्रकार. का? कुणी मागितला होता? आणि गेम छोटा आहे, वीस-पंचवीस तासांत संपतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आजकाल शंभर तासांचे गेम पूर्ण करता करता पहिल्या तासातलं कोण होतं ते आठवत नाही.

बरं, चिडचिड झाली. आता गेममध्ये तुमच्यासोबत चालणाऱ्या माणसांबद्दल बोलते, नाहीतर अन्याय होईल. ब्लॅक व्हर्लविंडसारखा कुऱ्हाडवाला दारुडा, जो प्रत्येक गोष्टीचं उत्तर 'कुणाला तरी मारू या' असं देतो आणि तरीही आवडतो. हेनपेक्ड हू, एकेकाळचा आखाड्यातला मल्ल, आता बायकोला घाबरून पळालेला, लढाईत तुमच्याकडे दारूचे बुधले फेकणारा. तो बुधला घेतला की झिंगलेल्या शैलीत लढता येतं. डॉन स्टार मागे बसून ची भरत राहते, आणि तिच्याशी बोलायला दर मुक्कामी काहीतरी असतं. थो फान नावाची एक भाषा तर या गेमसाठी एका भाषा-अभ्यासकाकडून नव्याने बनवून घेतली होती. तीच तीच वाक्यं कानावर येतात हे खरं, पण कानाला जग खरं वाटतं.

आणि सर रॉडरिक! परदेशातून आलेला, बंदूक घेऊन मिरवणारा, इथल्या लोकांना रानटी समजणारा गोरा साहेब. आवाज जॉन क्लीझ या इंग्लिश विनोदी नटाचा. त्याच्याशी भर चौकात वाद घालून त्याला गप्प करता येतं. साम्राज्यातला विदूषक म्हणून साहेबाला उभं करणं हे कॅनडात बसलेल्या लोकांना सुचलं, याचं मला आजही कौतुक आहे. चीन त्यांनी दुरूनच बघितला, बराचसा सिनेमांतून उचलला, ठीक आहे. पण हसले ते योग्य माणसाला.

दुसरा भाग कधी आला नाही. बायोवेअर मास इफेक्ट या दुसऱ्या गेमकडे गेलं, मग ड्रॅगन एज या आणखी एका गेमकडे, आणि हे साम्राज्य तसंच पडून राहिलं. मला दुसरा भाग त्या खोटीसाठी हवा होता. जी बोटांना लागली असती अशी.

दादाने शेवटची लढाई खेळली तेव्हाही मी शेजारी होते. तिथे मास्टर ली एक सौदा देतात: आता थांब, मरण पत्कर, म्हणजे साम्राज्य टिकेल आणि तुझं नाव राहील. हो म्हटलंत तर गेम खरंच तिथे संपतो, तुमचा पुतळा उभा राहतो. मी म्हटलं, 'हो म्हणून बघ ना, काय होतं ते.' दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात इतकं गप्प कधी बसले नाही.

तर ज्यांना खेळायचाय त्यांनी अवघड पातळीवर खेळा, उड्या मारायच्या नाहीत असं स्वतःला बजावा आणि लोकांशी बोला, सगळ्यांशी. ग्राफिक्स जुने आहेत हे सांगायला कमेंटमध्ये येऊ नका, मला डोळे आहेत. आणि हेनपेक्ड हूबद्दल कुणी वाकडं बोललं तर सरळ अनफ्रेंड करणार आहे.